नाव नसलेली पुडी

२ एप्रिल २०२५, बुधवार

सकाळी सहाला उठलो. दूध एक पिशवी घेतली. ललित आणि मयुरी साडेसातला गाडीने पुण्याला गेले. दुपारी वरण-भात केला, भाताला पाणी कमी पडलं. तसाच खाल्ला. पारा ४१. तेरावं परवा झालं.

ही वही शाळेची आहे. प्रयोगशाळेची साठा नोंदवही म्हणून आलेली, निवृत्त होताना कोरी राहिली म्हणून घरी आणली होती. रोज लिहीन असं नाही. आज राग आला आहे आणि बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितो.

निघायच्या आधी ललित अंगणात उभा राहून बुटाच्या टाचेने माती ठोकत होता. म्हणाला, "बाबा, इथं पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. मगन मिस्त्रीशी बोललोय मी. पावसाच्या आत होऊन जाईल."

मी म्हटलं, नको.

"मग काय करणार या जागेचं?"

"झाडं लावीन."

"कोणती?"

मी अंगणभर नजर फिरवली.

"आईने इथं काय काय लावलं होतं, त्यातली चार नावं सांगा. चारच."

मी म्हटलं, कढीपत्ता. तो म्हणाला, आणि? मी म्हटलं, लिंबू. मयुरी हळूच म्हणाली, "बाबा, लिंबू मागच्याच वर्षी वाळलं. आईंनी तुम्हालाच तोडायला सांगितलं होतं."

सुनेसमोर. बापाची तोंडी परीक्षा घेतो. पंधरा बाय बावीस फुटांचं अंगण आहे, ते मी पिंप्राळ्यात प्लॉट घेतला तेव्हा मोजून ठेवलं होतं. त्यात काय उगवतं ते पाहायचं काम माझं नव्हतं. घराला माणसं दोन असली की कामं वाटलेली असतात. यात चूक काय?

झाडं लावणारच. आता तर लावणारच.

५ एप्रिल, शनिवार

देवघराखालच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत बियाण्याच्या एकोणीस पुड्या. जुन्या प्रयोगवह्यांच्या पानांच्या आहेत. घडी माझी आहे. शाळेत मुलांना तुरटी, मीठ द्यायला मी जशी पुडी बांधायचो, तशीच. तिने कधी बघून घेतली, माहीत नाही.

एकाही पुडीवर बियाण्याचं नाव नाही. माणसांची नावं आहेत. तानुबाई, म्हणजे शेजारची. पितांबर, हिचा भाऊ, बोदवडला असतो. नूतन. किरणची सासू. मेहरूणवाली. एकीवर नुसतं 'दवाखाना'. एकीवर काहीच नाही, कोरी.

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळा सहायक होतो. प्रत्येक बाटलीवर लेबल, लेबलावर नाव आणि तारीख. लेबल नसलेली बाटली ओतून द्यायची, वास घेऊन ओळखायला जायचं नाही. हा नियम आहे. माणसं भाजतात अशाने. घरी हे शंभर वेळा सांगितलं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांवर मी एकदा लेबलं लावून दिली, तर हिने 'मीठ' लिहिलेल्या बरणीत साखर भरली. म्हणे, ही बरणी हाताशी आहे. वर आपल्याला ठाऊक आहे ना, मग झालं.

तुला ठाऊक होतं. आता मला काय ठाऊक आहे? पितांबर कुठे पेरायचा? नूतनला पाणी किती? कोण नूतन?

डबा आपटला. झाकणाला पोचा आला.

११ एप्रिल, शुक्रवार

पाणी तिसऱ्या दिवशी आलं. अंगणात आता काय काय आहे ते पाहिलं. कढीपत्ता जिवंत. मोगरा अर्धा. कोपऱ्यात चमकुऱ्याची, म्हणजे अळूची, पानं करपून कागदासारखी झाली आहेत. वांग्याची चार झाडं उभ्या उभ्या वाळली. तीन आठवडे कुणी पाणी दिलं नाही. घरात पंधरा-वीस पाहुणे होते, दिवसाला चार वेळा चहा होत होता, एकानेही चुळीचं पाणीसुद्धा झाडाला टाकलं नाही. आले, रडले, जेवले, गेले.

गेटवर निळ्या फुलांचा गोकर्णाचा वेल होता. तो मंडपवाल्याने बांबू रोवताना मुळासकट उपटला. त्याचं मला काही नाही. तो शोभेचा नव्हताच, शाळेच्या कामाचा होता. लिटमस संपला की खरेदी मंजूर व्हायला दोन महिने लागायचे, म्हणून मीच एका वर्षी शाळेच्या कुंपणावरच्या शेंगा खिशात घालून आणल्या आणि हिला म्हटलं, लाव कुठेतरी. फुलं उकळली की निळा दर्शक होतो, आम्लात गुलाबी, आम्लारीत हिरवा. पुढे दर वर्षी ही सकाळी फुलं तोडून डब्यात भरून द्यायची. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तरी वेल होता. कशाला ठेवला होता, देव जाणे.

१६ एप्रिल, बुधवार

मृत्यूच्या दाखल्यासाठी गेलो. खिडकीवरची मुलगी म्हणाली, मयताचं नाव सांगा. मी आधारकार्ड पुढे सरकवलं. ती म्हणाली, "काका, तोंडाने सांगा, अक्षर बारीक आहे." मी चष्मा काढून तिला दिला. ती हसायला लागली. मागचा माणूसही हसला. मी दाखला न घेता परत आलो.

सदतीस वर्षांत मी हिला नावाने हाक मारलेली नाही. 'अगं' म्हटलं की ती यायची. वहीतही 'ही' असंच येतं. त्यात हसण्यासारखं काय आहे?

घरी येऊन गॅसचं पुस्तक शोधलं, तर त्यात हिने भरायला घेतलेला एक फॉर्म निघाला. सगळं भरलेलं, वळणदार अक्षर, दहावीला बोर्डात मराठीत पहिली आली होती म्हणतात. फक्त 'पतीचे नाव' ही रेघ रिकामी. कायमचं होतं हे. बँक असो, रेशन असो, ती रेघ सोडायची आणि फॉर्म माझ्याकडे सरकवायची. मी चिडून लिहायचो, चुडामण. कोणत्या काळात राहते, असं बोलायचो. ती म्हणायची, "तुम्ही आहात ना लिहायला."

आज ती रेघ मीच भरली. फॉर्मचा आता उपयोग नाही.

२१ एप्रिल, सोमवार

पुड्या घेऊन तानुबाईच्या ओट्यावर गेलो. जायचं नव्हतं. सत्तरीची बाई, धुळ्याकडची, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलते. पण दुसरा इलाज नव्हता.

पहिलीच पुडी उघडली आणि ओरडली, "नाना, राख कोठे गयी?"

मी म्हटलं, बियांना राख लागली होती, ती मी धुऊन टाकली. स्वच्छ करून वाळवली.

"धोई टाकी! बठ्ठ्यासनी? नाना, राख शे म्हनीसन किडा लागत नही. इतला वरीस शाळामा काय करं तुमी, भांडा धुतात का?"

मी पुढची पुडी तिच्यापुढे सरकवली. ती एकेक पुडी तळहातावर ओतत गेली, मी वहीत तक्ता केला. तानुबाई म्हणजे गवार. मेहरूणवाली म्हणजे गिलके, मेहरूण तलावाकडून भाजी घेऊन येणाऱ्या बाईने दिलेलं. पितांबर म्हणजे भरताची वांगी, हिरवी, मोठी. नूतन ही किराणा दुकानदाराची मुलगी निघाली, तिची मिरची. किरणची सासू म्हणजे अंबाडी.

'दवाखाना' म्हणजे पांढरे वाल. "हाई आमले दवाखानामा एक बाईनी दिन्हं. नंबरना रांगमा बठेल व्हतूत."

मी विचारलं, कुणाला दाखवायला गेला होतात?

तिने बिया परत कागदावर ओतल्या. "मना गुडघा," म्हणाली, आणि पुडी बांधायला लागली. घडी तिला जमली नाही.

शेवटी कोरी पुडी दिली. आत चपट्या, काळपट बिया. तिने त्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "हाई पुडी कोनी शे, ते तुमलेच ठावं."

"मला माहीत असतं तर विचारायला आलो असतो का?"

"ती व्हती तवय इचारं नही. आते कसाले इचारतस?"

पुड्या उचलून घरी आलो. पुन्हा त्या ओट्यावर पाय ठेवणार नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

नर्सरीत गेलो. ४४ अंश. मालक तरुण आहे, सारखा फोन बघत होता. मी तक्ता काढला. त्याने न बघता सांगितलं, "काका, तुमच्या वयाला हे झंझट कशाला? शोभेची न्या, पाणी नाही, काळजी नाही, पाहुणे खूश." मी म्हटलं, माझ्या वयाला काय झेपतं ते मी ठरवीन. टोमॅटोची सहा रोपं घेतली, फक्त रिकाम्या हाताने परत यायचं नव्हतं म्हणून.

२८ एप्रिल, सोमवार

सहाही रोपं करपली.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पहिल्या वर्षाची घागर भरायची होती. ललित आला नाही, कंपनीत काम आहे म्हणे. बाजारात खरबूज आणायला गेलो, येईपर्यंत तानुबाई सांजोऱ्या घेऊन दारात उभी होती. ओट्यावर पाय ठेवायचा नाही हे मी ठरवलेलं होतं, तिने ठरवलेलं नव्हतं.

तिने घागर मांडली, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज. मला तांब्या दिला. "नाव लईसन पानी टाका, नाना."

मी पाणी टाकलं.

"नाव?"

"घेतलं मनात."

"मनमा काय लेतस! मोठाघाई ल्या, तिले ऐकू जावाले पाहिजे."

तोंडातून आलं नाही. दोनदा तोंड उघडलं. शेवटी तानुबाईने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि तिनेच नाव घेऊन पाणी ओतलं. परक्या बाईच्या तोंडून ते नाव माझ्या घरात घुमलं.

तिला जा म्हटलं. गेली. सांजोऱ्या दोन खाल्ल्या, बाकीच्या तशाच आहेत.

८ मे, गुरुवार

दुपारी ट्रॅक्टर आला आणि गेटच्या आत, नळाजवळ, ब्लॉकखाली टाकायची कच ओतून गेला. एवढा मोठा ढीग. मला न विचारता. मागून मगन मिस्त्री मोटरसायकलवर आला.

मी म्हटलं, कुणी सांगितलं?

"ललितभाऊंनी. काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका, तीन दिवसांचं काम आहे. जूनमध्ये लेव्हल मारली की पाऊस पडला तरी चिखल नाही. झाडू मारा, चकाचक."

"माझं अंगण आहे."

"हो ना काका. म्हणून तर तुमच्यासाठी चांगल्यातली कच आणली."

या माणसाशी भांडता येत नाही. त्याला राग येत नाही. ललितला फोन केला. त्याने उचलला नाही. तीन वेळा नाही.

आत येऊन डबा काढला. पेरायचं ते आजच पेरायचं असं ठरवलं. सोळा पुड्या ओळखल्या गेल्या होत्या, त्या एका बाजूला घेतल्या. दोन पुड्यांतलं बी किडलं होतं, माझ्या धुण्यामुळेच असेल, ती टाकली. उरली कोरी. ती हातात घेतली आणि डोक्यात तिडीक गेली. एकोणीस पुड्यांमध्ये अठरा जणांना नाव दिलं, अगदी दवाखान्यात रांगेत भेटलेल्या बाईलासुद्धा. मग या एकाचं नाव लिहायला काय झालं होतं? असं कोण होतं ते, की लिहायचं नव्हतं?

लेबल नाही तर फेकायचं. नियम तो नियम. दारात उभं राहून सगळ्या बिया कचेच्या ढिगावर भिरकावल्या. कागद मात्र चांगला होता, घडीही मोडली नव्हती. तो वहीत खूण म्हणून ठेवला.

९ मे, शुक्रवार

पहाटे पाचला उठून वाफे केले. गवार दोन ओळी. गिलक्यासाठी कुंपणाला सुतळी बांधली. वाल भिंतीलगत. वांग्याचं आणि मिरचीचं बी जूनमध्ये टाकायचं, असं तानुबाईने भिंतीवरून ओरडून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

कंबर धरली आहे. पाणी घालताना बादली खाली ठेवून मध्ये दोन वेळा बसावं लागलं. ही रोज तीस बादल्या घालायची. कधी मोजल्या नव्हत्या मी, आज स्वतः घालताना मोजल्या.

ही गेली त्या १९ मार्चच्या सकाळची एक गोष्ट या वहीत लिहिलेली नाही. लिहिणार नाही.

१९ मे, सोमवार

गवार उगवली. गिलकेही. वालाची दोन पानं वर आली, डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं घेऊन.

गेटजवळचा नळ गळतो. प्लंबर तीन वेळा येतो म्हणाला आणि आला नाही. सगळं पाणी त्या कचेत मुरतं.

१ जून, रविवार

कचेच्या ढिगावर काहीतरी उगवलं आहे. एका देठावर पाच-सात गोल पानं. तण असेल. मिस्त्री येईल तेव्हा निघेल आपोआप. उपटायला वाकलो, मग म्हटलं, आपण कशाला त्याचं काम हलकं करा.

१४ जून, शनिवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

ललित पहाटे गाडी चालवत एकटाच आला. चहाही न घेता मगनला बोलावलं. मगनने अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी लावली. गवार गुडघ्याएवढी झाली आहे, फुलावर आहे. दोरी बरोबर तिच्यावरून गेली.

मी वाफ्यात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "ललित, तू चार नावं विचारली होतीस. गवार. गिलके. वाल. पितांबरमामाची वांगी, ती त्या ट्रेमध्ये आहेत. अजून बारा सांगतो."

"बाबा, बाजूला व्हा."

"नाही होणार."

"तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे?" त्याचा आवाज चढला. "या मातीपायी आई गेली! अकराच्या उन्हात पाणी घालत होती. छातीत दुखत असताना! तुम्हाला कळत नाही का? मला ही जागा बघवत नाही. गेटातून आत आलो की मला ती बादलीच दिसते."

मगन टेप हातात धरून खाली बघत होता.

मग मी सांगितलं. सांगायचं ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "अकराच्या नाही. साडेनऊच्या. आणि तिने मला सांगितलं होतं. म्हणाली, आज जरा तुम्ही पाणी घालता का, मला बरं वाटत नाही. मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, एवढं पान होऊ दे. ती थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मग स्वतःच गेली. मातीने काही केलेलं नाही. मी पान संपवलं, तेव्हा बादली पडल्याचा आवाज आला."

वाटलं होतं की तो ओरडेल. मारेलसुद्धा. त्याने मारायला हवं होतं.

तो कचेच्या ढिगावर जाऊन बसला, त्या तणाच्या शेजारी. बोटाने कच उकरत राहिला. मग म्हणाला, "जानेवारीत तिने मला फोनवर सांगितलं होतं. तानुबाईंबरोबर दवाखान्यात जाऊन आले म्हणाली. डॉक्टरने मोठ्या ठिकाणी दाखवा म्हणून सांगितलंय. बाबांना सांगू नको, चिडतील. मी म्हटलं, होळीला पुण्याला ये, मग दाखवू. होळीला मला सुट्टी नव्हती."

तानुबाईचा गुडघा.

मला राग आला. लिहून ठेवतो, कारण खरं आहे. मुलाचा आला, तानुबाईचा आला, सगळ्यात जास्त हिचा आला. 'बाबा चिडतील.' एवढंच माझ्याबद्दल सांगण्यासारखं होतं? आणि चिडलोही असतो, हेही खरं.

मगनने दोरी सोडली, गुंडाळली, म्हणाला, "भाऊ, मी परत केव्हा येऊ ते फोन करा," आणि निघून गेला. ललितने तोंड धुतलं, उभ्यानेच चहा घेतला. जाताना पाया पडला नाही. गाडीत बसताना म्हणाला, "गवारीला शेंगा कधी येतात?"

मी म्हटलं, पंधरा दिवसांनी.

२ जुलै, बुधवार

ललितचा फोन नाही. मी केला नाही. गवार पाव किलो निघाली. अर्धी भिंतीवरून तानुबाईला दिली. ती म्हणाली, "मना गुडघाबद्दल काही बोलनं शे का?" मी म्हटलं, नाही.

२० जुलै, रविवार

मगन ट्रॅक्टर घेऊन आला. कच परत न्यायची म्हणे, ललितभाऊंचा फोन होता. मला नाही आला, मिस्त्रीला आला. मजूर फावडं घेऊन ढिगावर चढला आणि मी खिडकीतून ओरडलो.

ते तण आता गेटच्या गजांवर चढलं आहे आणि आज सकाळी त्याला फुलं आली आहेत. निळी.

मगन म्हणाला, "काय झालं काका?"

मी म्हटलं, एवढी जागा सोडा. चार-पाच पाट्या कच राहू द्या, वेलाच्या बुडाशी.

"ढीग दिसेल काका गेटात. वाईट दिसेल."

"दिसू दे."

ते गेल्यावर फुलं तोडली. सात होती. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन उकळली. पाणी निळं झालं. तीन काचेच्या ग्लासांत ओतलं. एकात लिंबू पिळलं, गुलाबी. एकात खायचा सोडा टाकला, हिरवट. तिसरा तसाच ठेवला. ओळखायला फूल पुरेसं होतं, चाचणीची गरज नव्हती. पण मला खात्री करायची होती. काय चुकीचं निघावं असं मला वाटत होतं, ते सांगता येत नाही.

तानुबाई भिंतीवरून बघत होती. मी तिच्यावरच चिडलो. म्हटलं, तुम्हाला एप्रिलमध्येच कळलं होतं, सांगायला काय झालं होतं? आणि हिने तरी का लिहिलं नाही? सगळ्यांची नावं लिहिली. शेंगा मी आणल्या होत्या. खिशातून. मी आणून दिल्या होत्या!

"मंग काय लिखती ती?" तानुबाई म्हणाली. या वेळी हसली नाही. "तुमनं नाव?"

मी घरात आलो. तिन्ही ग्लास संध्याकाळपर्यंत ओट्यावर होते.

२२ जुलै, मंगळवार

एका पुडीवर लिहायचं राहिलं, असं मी समजत होतो. सदतीस वर्षं माझ्या नावाची रेघ ती सोडत होती, आणि मी ती पुडी कचेवर फेकली.

आज काही केलं नाही. वांगी लावायची होती, लावली नाहीत.

१७ ऑगस्ट, रविवार

ललित आला. वांग्याच्या वाफ्यात बसून खुरपलं. उलटं धरलं होतं खुरपं. मी दाखवलं, ते त्याला आवडलं नाही. जाताना गिलकी नेली. दाखला काढला का, विचारलं. मी म्हटलं, उद्या जातो.

१८ ऑगस्ट, सोमवार

दाखला आणला. खिडकीवर तीच मुलगी होती. तिने नाव विचारलं. सांगितलं. पहिल्यांदा घोगरं आलं, तिला ऐकू गेलं नाही. परत सांगितलं.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी साडेपाचला उठलो. पारा उतरला आहे. झाडांना पाणी घातलं, अठरा बादल्या. भरताचं पहिलं वांगं काढलं, चुलीवर भाजायला तानुबाईकडे दिलं. तिने सांगितलं, एक झाडावर राहू द्या, बियांना.

गेटवरच्या वेलाच्या खालच्या शेंगा वाळल्या आहेत. उन्हात तडकून बिया खाली पडायला लागल्या, म्हणून दुपारी सगळ्या काढल्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोलल्या. चपट्या, काळपट बिया, मूठभर. राख घेतली, धुतली नाही, चोळली. वहीतला तो जुना कागद काढला. त्याच घडीवर पुडी बांधली.

मग पेन घेतलं. डब्यातल्या बाकीच्या पुड्यांवर देणाऱ्याचं नाव असतं. हे बी आता मला तिने दिलेलं आहे.

पुडीवर लिहिलं, रत्ना. खाली तारीख घातली. डब्यात ठेवली आणि पोचा आलेलं झाकण दाबून बसवलं.